हातातलं सामान

मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन पुण्याहून बंगळूरला गेलो होतो. बहिणीचं बाळंतपण, त्यामुळे आईची तयारी महिनाभर आधीपासून चाललेली. मोठी बॅग बरोबर पंधरा किलोची भरली होती. घरी स्प्रिंगच्या काट्याला लटकवून तीनदा मोजली होती. गंमत झाली ती छोट्या बॅगेची. काउंटरवरच्या मुलीने ती काट्यावर ठेवायला सांगितली आणि आकडा आला ८ किलो ६०० ग्रॅम.

"आजी, सातच किलो चालतं. जादाचे पैसे भरावे लागतील."

आईने पैसे भरायचा विचारही केला नाही. तिथेच बाजूला बसून बॅग उघडली. बाबांचा जुना स्वेटर अंगात चढवला, त्यावर शाल घेतली. दोन जाडजूड पुस्तकं माझ्या जाकिटाच्या खिशांत गेली. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा तिच्या पर्समध्ये कसाबसा कोंबला. पुन्हा काटा. ६ किलो ९००. मुलगी हसली, बोर्डिंग पास हातात दिले.

सिक्युरिटीच्या रांगेत आई मला म्हणाली, "अरे, पण वजन तर तेवढंच विमानात जाणार ना?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, बॅगेतलं वजन अंगावर आलं, एवढाच काय तो फरक. मग त्या काट्याने नेमकं मोजलं तरी काय? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून पुढचे काही महिने मिळेल ते वाचत गेलो. विमानातल्या हातातल्या सामानाचा इतिहास हा काही कुणी मुद्दाम वाचावा असा विषय नाही, मान्य. पण वाचता वाचता एवढं काही सापडलं की इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

सुरुवातीच्या काळात आईच्या प्रश्नाला अगदी सरळ उत्तर होतं. १९२० आणि ३०च्या दशकात विमानकंपन्या सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभं करत. ब्रिटिशांची 'इम्पीरियल एअरवेज' ही कंपनी प्रवाशांचं वजन करून घ्यायची. स्वेटर अंगावर घातलात काय किंवा बॅगेत ठेवलात काय, काटा एकच. विमानं एवढी छोटी की एक लठ्ठ गृहस्थ पुढे बसणार की मागे, यानेही वैमानिकाला फरक पडायचा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा 'पस मॉथ' नावाचं चिमुकलं विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. बरोबर टपाल होतं ते २५ किलो! म्हणजे आजच्या हिशोबाने साडेतीन प्रवाशांचं हातातलं सामान. त्या सेवेने पहिल्या वर्षात १५५ प्रवासी नेले आणि टपाल नेलं ते दहा टनांच्या आसपास. पैसे टपालात होते. प्रवाशाने आपल्याबरोबर काय आणावं हा प्रश्न दुय्यम होता, कारण प्रवासी स्वतःच त्या विमानात जादाचं सामान होता.

पुढे विमानं मोठी झाली आणि माणसाला काट्यावर चढवणं बंद झालं. माणसांसाठी सरासरी वजन धरायची पद्धत आली, काटा उरला तो सामानापुरता. आंतरराष्ट्रीय प्रवासात साध्या वर्गाला २० किलो आणि पहिल्या वर्गाला ३० किलो हा हिशोब कित्येक वर्षं चालला. हे सगळं विमानाच्या पोटात जाणारं सामान. हातातल्याचं काय?

हातातलं सामान म्हणून फारसं काही नव्हतंच! डीसी-३ सारख्या विमानांत डोक्यावर असायची ती एक उघडी फळी. तिचं इंग्रजी नाव हॅट रॅक, आणि कामही तेच. हॅट, कोट, घडी केलेलं ब्लँकेट, उशी. आपल्या जुन्या एसटीत डोक्यावर फळी असायची तसंच काहीसं, फक्त एसटीच्या फळीवर आपण कोंबड्यांची टोपलीसुद्धा ठेवायचो. विमानात ते शक्य नव्हतं. फळीला दार नाही. विमान हवेच्या खड्ड्यात गेलं की वरची जड वस्तू थेट कुणाच्या तरी डोक्यात. त्यामुळे बॅग असेल तर ती समोरच्या सीटखाली. १९५८च्या सुमारास बोइंग ७०७ बरोबर जेट युग आलं, तरीही बरीच वर्षं डोक्यावर उघडी फळीच होती.

इथे मला आमच्या माळ्यावरची एक बॅग आठवली. माझे काका सत्तरच्या दशकात मस्कतला नोकरीला गेले. तिकिटाबरोबर विमानकंपनीने त्यांना एक रेक्झिनची निळी बॅग दिली होती. खांद्याला अडकवायचा पट्टा, वर चेन, बाजूला कंपनीचं चिन्ह. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणी त्या काळात परदेशी गेलं असेल त्यांना ही बॅग लगेच डोळ्यांसमोर येईल. प्रवास संपल्यावरही ती पंधरा-वीस वर्षं मिरवली जायची. आमच्याकडे तिने आधी क्रिकेटचे बॉल सांभाळले, मग लाइटची बिलं, मग गणपतीची तोरणं. लहानपणी मला वाटायचं की ही भेट आहे. भेट होतीच, आणि जाहिरातही होती. पण तिचा आकारही सूचक होता. सीटखाली मावेल एवढीच ती. एवढं तुझं हातातलं सामान, असं ती बॅगच सांगायची. वेगळा नियम वाचून दाखवायची गरजच नव्हती.

बदल सुरू झाला जंबो जेटपासून. बोइंग ७४७ जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्क-लंडन मार्गावर प्रवासी घेऊन उडालं. दोन वाटा, उंच छत, साडेतीनशेच्या वर माणसं. एवढ्या मोठ्या दालनात उघड्या फळ्या बऱ्या दिसेनात, म्हणून डोक्यावर दार असलेले बंद कप्पे बसवले गेले. विमानाचं आतलं रूप एखाद्या खोलीसारखं दिसावं, हा हेतू. लोकांना ते इतकं आवडलं की नंतर लहान विमानांतही तसेच कप्पे आले. दार आल्यामुळे जड वस्तू वर ठेवणं शक्य झालं. शक्य झालं म्हणजे लोकांनी ठेवलंच. माणसाच्या स्वभावाला काही औषध आहे का?

अमेरिकेत याच काळात सामान किलोऐवजी नगांवर मोजायची पद्धत आली. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज करायची. पहिली बॅग ६२ इंच, दुसरी ५५ आणि तिसरी, सीटखाली मावेल अशी, ४५ इंच. हा ४५चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरीही हातातलं सामान आटोक्यात होतं, कारण आणखी एक मर्यादा होती जी कुठल्याच नियमात लिहिलेली नव्हती. ती म्हणजे आपला हात. काउंटरपासून गेटपर्यंत बॅग उचलून न्यायची तर माणूस आपोआपच कमी घेतो. त्याला 'हातातलं' म्हणायचे ते त्यामुळेच.

हा हात सुटला तो चाकांमुळे. बर्नार्ड सॅडो हे अमेरिकेतल्या बॅगांच्या एका कंपनीत मोठ्या पदावर होते. १९७० मध्ये अरुबा बेटावरून सुट्टी संपवून परतताना दोन जड सुटकेस ओढत ते कस्टम्सच्या रांगेत उभे होते. तेवढ्यात एक कामगार जड यंत्र चाकांच्या पाटावर ठेवून आरामात ढकलत नेताना त्यांना दिसला. घरी आल्यावर त्यांनी सुटकेसला चार चाकं आणि ओढायला एक पट्टा लावला. १९७२ मध्ये पेटंट मिळालं. दुकानदार मात्र आधी तयारच होईनात! बॅग ओढत नेणं पुरुषांना कमीपणाचं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. माणूस चंद्रावर जाऊन आला होता आणि सुटकेसला चाकं लागायची होती, हा विनोद आता जुना झालाय, पण खरा आहे.

सॅडो यांची सुटकेस आडवी होती, वळणावर डगमगायची. आज आपण ओढतो ती उभी, दोन चाकांची, आत-बाहेर होणाऱ्या दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ यांनी १९८७ मध्ये बनवली. हे गृहस्थ नॉर्थवेस्ट एअरलाइन्समध्ये ७४७चे वैमानिक होते. आधी त्यांनी ती सहकाऱ्यांसाठी केली. गणवेशातले वैमानिक आणि हवाईसुंदऱ्या एका हाताने बॅग ओढत ताठ मानेने विमानतळावरून चाललेत, हे दृश्य म्हणजे फुकटची जाहिरातच. प्रवाशांना तशीच बॅग हवी झाली. आणि हातावर भार येत नाही म्हटल्यावर कुणीही बॅगेत दहा किलो भरून थेट गेटपर्यंत जाऊ लागला. भार पुन्हा हातावर यायचा तो एकदाच, बॅग डोक्यावरच्या कप्प्यात चढवताना. तेव्हा मान वळवून बघायचं ते हवाईसुंदरीकडे.

त्याचा त्रास कुणाला झाला असेल ते वेगळं सांगायला नको. कप्प्यातून पडणाऱ्या बॅगा आणि दुखावलेल्या पाठी यांना कंटाळून अमेरिकेतल्या विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सरकारकडे तगादा लावला. शेवटी १ जानेवारी १९८८ पासून तिथे नियम आला की प्रत्येक कंपनीने हातातल्या सामानाची आपली पद्धत ठरवून ती सरकारकडून मंजूर करून घ्यावी. यातली मेख बघा. सरकारने एकच एक माप ठरवून दिलं नाही. माप कंपन्यांनी ठरवायचं. म्हणजे जो आकडा आपण निसर्गनियमासारखा मानतो, तो मुळात प्रत्येक कंपनीने आपापला ठरवलेला होता.

मग जे व्हायचं तेच झालं. कंपन्या मापावरून भांडल्या, आणि तेही कोर्टात!

हा किस्सा मला फार आवडला. २००० सालच्या सुमारास वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर एक्स-रे यंत्रांच्या तोंडाशी चौकटी बसवल्या गेल्या. साधारण ९ बाय १४ इंच. चौकटीतून बॅग गेली तर ठीक, नाहीतर परत जाऊन पोटात टाका. यामागे मुख्य जोर युनायटेड एअरलाइन्सचा होता. पण त्याच यंत्रांतून कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचे प्रवासीही जायचे, आणि कॉन्टिनेंटलने तर खूप पैसे घालून आपल्या विमानांतले कप्पे मोठे करून घेतले होते. आमच्याकडे या, मोठी बॅग चालेल, हीच त्यांची जाहिरात. आता कप्पे मोठे आणि चौकट छोटी! कॉन्टिनेंटलने दावा लावला की ही स्पर्धेची गळचेपी आहे. खालच्या कोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. २००२ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवलं. आणि २०१० मध्ये काय झालं? या दोन्ही कंपन्या एक झाल्या. भांडणारे दोन भाऊ शेवटी एकाच घरात.

९ आणि १४, त्यात लांबीचे नेहमीचे २२ मिळवा. बेरीज ४५. तोच मघाचा आकडा. आता आपल्याकडे या. आपल्याकडचा सर्वसाधारण नियम, तिन्ही मापांची बेरीज ११५ सेंटिमीटर. आणि ४५ इंच म्हणजे ११४.३ सेंटिमीटर. एकेकाळी सीटखालच्या बॅगेची म्हणून धरलेली बेरीज, वेगळ्या विमानात, वेगळ्या देशात, दुसऱ्या मापात अजून टिकून आहे. फक्त बॅग सीटखालून डोक्यावर गेली.

या सगळ्यात सुरक्षेचं एक उपकथानक आहेच. विमान अपहरणांच्या लाटेनंतर अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला आणि काही दिवस ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांना हातात फक्त एक पारदर्शक पिशवी नेता आली. तिच्यात पासपोर्ट, पाकीट, औषधं, एवढंच. तेव्हापासून १०० मिलिलिटरचं गणित सुरू झालं, आणि तूप-लोणच्याची कायमची रवानगी मोठ्या बॅगेत झाली. आपल्याकडे हँडबॅगेला दोऱ्याने टॅग बांधून त्यावर शिक्का मारून घेणं हा एक संस्कारच होता. तो टॅग हरवला तर गेटवरून परत! माझ्या एका जुन्या बॅगेला असे सहा टॅग अजून लटकलेले आहेत. १ एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात मोठ्या विमानतळांवर ती पद्धत बंद झाली. एका माणसाला एकच हँडबॅग हा नियम मात्र इथल्या सुरक्षा खात्याचा २००० सालापासूनचा आहे, आणि तपासणीच्या रांगा फार लांबतात म्हणून जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना त्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली.

पण खरी कलाटणी सुरक्षेने दिली नाही. ती दिली तेलाने. २००८ च्या उन्हाळ्यात कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेला. अमेरिकन एअरलाइन्सने १५ जूनपासून पोटात जाणाऱ्या पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. पाठोपाठ बऱ्याच कंपन्यांनी तोच मार्ग धरला. पुढे तेल उतरलं, शुल्क राहिलं. त्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत देशांतर्गत तिकिटाच्या किमतीवर साडेसात टक्के कर द्यावा लागतो, बॅगेच्या शुल्कावर तो लागत नाही. हिशेबनीस माणूस असं कुरण सोडेल का?

परिणाम व्हायचा तोच झाला. पोटातली बॅग पैशांची आणि डोक्यावरची फुकट, म्हटल्यावर सगळं घरदार डोक्यावरच्या कप्प्यात आलं. कप्पे अपुरे पडायला लागले. शेवटच्या गटातल्या प्रवाशाला जागा नाही म्हणून बोर्डिंगच्या वेळी झुंबड. आधी चढण्याचा हक्क हीच मग विकायची वस्तू झाली. २०१० मध्ये स्पिरिट या कंपनीने तर डोक्यावरच्या बॅगेलाच पैसे लावले. दुसरीकडे बोइंगने २०१५ मध्ये बॅगा उभ्या कडेवर राहतील असा कप्पा आणला, चारच्या जागी सहा बसतील असा. त्याच वर्षी विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेने, आयाटाने, ५५ बाय ३५ बाय २० हे एक आदर्श माप सुचवलं. लोकांना वाटलं, आता आमच्या घरातल्या चांगल्या बॅगा फेकून द्यायच्या की काय. एवढा गदारोळ झाला की आठवड्याभरात योजना थांबवावी लागली. चार-पाच सेंटिमीटरवरून!

युरोपात हे भांडण कायद्याच्या भाषेत गेलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये म्हटलं की वाजवी आकाराचं आणि वजनाचं हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, त्याला वेगळे पैसे लावता येणार नाहीत. झालं, सगळा खेळ 'वाजवी' या शब्दावर आला. रायनएअरने २०१८ मध्ये ठरवलं की फुकट फक्त सीटखालची छोटी बॅग, चाकांच्या बॅगेला पैसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या सरकारने अशा पाच स्वस्त कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरो दंड केला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं. युरोपातल्या कंपन्यांच्या संघटनेने मग २०२५ मध्ये एवढी बॅग तरी नक्की फुकट, असं माप जाहीर केलं, ४० बाय ३० बाय १५ सेंटिमीटर.

हे वाचलं त्या दिवशी मी माळ्यावर चढलो. काकांची निळी बॅग शोधून काढली, गणपतीची तोरणं बाजूला ठेवली आणि टेप लावला. ३६ बाय २७ बाय १४. आरामात बसते!

म्हणजे पन्नास वर्षांत आपण फिरून तिथेच आलो. सीटखाली काकांची बॅग, आणि त्याहून जास्त हवं असेल तर मोजा पैसे. फरक एवढाच की काकांना ती बॅग कंपनीने दिली होती.

इथे हा लेख संपवता आला असता. पण वाचताना एक गोष्ट अशी आली की नंतर या विषयाकडे मला फक्त गंमत म्हणून बघता येईना.

३ ऑगस्ट २०१६. तिरुवनंतपुरमहून निघालेलं एमिरेट्सचं विमान दुबईला उतरताना धावपट्टीवर आपटलं आणि पेटलं. आत ३०० माणसं, त्यातले सव्वादोनशे तरी भारतीय. सगळे वाचले. विमानाबाहेर मात्र आग विझवणाऱ्या एका जवानाचा जीव गेला. आतलं मोबाइलवर घेतलेलं चित्रण नंतर जगभर फिरलं. धूर पसरतोय, कर्मचारी ओरडताहेत की बॅगा सोडा, उड्या मारा, आणि माणसं उभी राहून डोक्यावरचे कप्पे उघडताहेत. कुणी लॅपटॉप शोधतंय. विमान थांबल्यावर सुमारे नऊ मिनिटांनी त्याची इंधनाची टाकी फुटली.

विमानाला परवाना मिळण्यासाठी एक परीक्षा असते. अर्धी दारं बंद धरून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. हा ९० सेकंदांचा नियम १९६७ चा, म्हणजे हॅट रॅकच्या काळातला. तेव्हा डोक्यावर होत्या त्या टोप्या. आज तिथे आपला लॅपटॉप, आपली सर्टिफिकेटं, लग्नाचे दागिने, वर्षभराची गल्फमधली कमाई. आपणहून नाही ठेवलं आपण ते सगळं तिथे. मौल्यवान वस्तू पोटातल्या बॅगेत ठेवू नका, असं कंपन्याच सांगतात. पोटातल्या बॅगेला पैसे त्यांनीच लावले. आणि मग एका क्षणी त्याच म्हणतात, आता ते सोडा आणि उडी मारा.

त्या चित्रणावर तेव्हा खूप लोक हसले होते. आपल्या माणसांची हाव, वगैरे. मीही बहुधा हसलो असेन. पण त्यात घरी परतून पुन्हा कामावर निघालेले किती असतील, आणि ज्या कागदांवर त्यांची नोकरी उभी असते ते कुठे असतील, याचा विचार केला की हसू येत नाही. चूक त्यांची होतीच, मागच्या माणसाचा जीव टांगणीला लावण्याचा हक्क कुणालाच नाही. पण त्या चुकीत आणखीही काही जणांचा वाटा आहे, एवढंच.

असं होऊ शकत नाही असं मात्र नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती, ती सगळी जळत्या विमानातून बाहेर आली. कर्मचारी ओरडत होते, सामान घेऊ नका, आणि लोकांनी ऐकलं. डोक्यावरचे कप्पे तसेच जळून गेले.

आता मी एक करतो. पासपोर्ट, औषधं आणि एक पेन ड्राइव्ह एवढं एका छोट्या पाकिटात घालून ते अंगावरच ठेवतो. म्हणजे वेळ आलीच तर डोक्यावर सोडायला जड जाईल असं काही उरू नये. आईलाही हे समजावून सांगितलं. काट्याने नेमकं काय मोजलं, हेही सांगितलं. तिच्या एकटीच्या दीड किलोने काही होत नाही, पण १८० जणांनी तसं केलं तर पावणेतीनशे किलो होतात, चार माणसं जादा बसल्यासारखं. आणि अंगावरचा स्वेटर कप्प्यात जागा अडवत नाही. म्हणून तो चालतो. तिला ते पटलं.

मग मी दुबईची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. औषधं आणि आधार कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवायचं कबूल केलं. चष्माही. बाकीचं सोडायचं, हेही मान्य केलं.

"बाबांचा स्वेटर?" मी विचारलं.

"तो अंगावरच असतो की," ती म्हणाली.

असो. फार लांबलं. पुढच्या महिन्यात बाळाच्या बारशाला पुन्हा बंगळूर आहे. काकांची निळी बॅग धुऊन वाळत घातली आहे. चेन अजून शाबूत आहे.